गुणाची सुई

कुडपणच्या आमच्या वाडीत दुपारी माणूस नसतं. सासूबाई रानात, हे मुंबईला गिरणीत. घरात मी आणि चार महिन्यांची मैना.

दर बुधवारी पोलादपूरहून महिपत कंपाउंडर यायचा. सुया पाच, पण बायकांना एकच हवी. ठकूबाईचा नातू जिने वाचला, ती. "माज्या पोराला गुणाचीच टोच रे!" महिपतही हसून तीच पुसून घ्यायचा. गेल्या साली वाडीतली दोघं काविळीने गेली, तरी सुईचा गुण काही उतरला नाही.

लग्नाआधी मी महाडला कॉलेजात होते. एकाची सुई न उकळता दुसऱ्याला लावू नये, हे तिथल्या शिबिरात शिकलेले. यंदा त्याच कॉलेजच्या मुली शिबिरासाठी वाडीत आल्या तेव्हा मीच पुढे झाले. महिपतच्या पाचही सुया डब्यात घातल्या, डब्याला तार गुंडाळली, परसात चुना टाकून पुरला.

"गुण पुरलास गो मास्तरीणबाय," ठकूबाई म्हणाली.

"नव्या आणल्यात की, आजी. उकळून घेतलेल्या."

"नव्या हायत. वळखीच्या नाय."

पंधरवड्याने मैना तापली. महिपत यायला पाच दिवस होते. दुपारी तीनला लंगोट बदलताना तिच्या कुल्ल्यावर टोचल्याची खूण दिसली. रक्ताचा थेंब ओला. खोलीत स्पिरिटचा वास. दाराला आतून कडी.

संध्याकाळी ताप उतरला. मला मात्र कावीळ आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. तीनला ती दचकली. पहिल्या खुणेशेजारी दुसरी.

तिसऱ्या दुपारी मी खड्डा उकरला. चुना दगडासारखा धरलेला, कुदळीने फोडला. तार माझ्या हातची, तशीच. आत चार सुया गंजलेल्या.

पाचवी लख्ख. बोटाला चटका बसला.

पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचली. चूर होईतो ठेचली. मग घरात धावले.

तीन वाजत होते.

मैना पालथी पडली होती. पहिल्यांदाच. बाळ पालथं पडलं की आमच्यात गूळ वाटतात.

"मैने," मी हाक मारली.

तिने मान वळवली नाही. पाय सैल सोडून, डोळे घट्ट मिटून ती वाट बघत होती.