नावाआधीचं अक्षर

चौकटीत नाव टाकलं की लेख सापडतो, असं सुनेने सांगितलं होतं. मास्तरांना तो सापडत नव्हता.

इतिहासाच्या त्या त्रैमासिकात मास्तरांचा जन्मभरात एकच लेख छापून आला होता, जुन्या पुलावरच्या शिलालेखावरचा. आता त्रैमासिकाने सगळ्या अंकांची सूची इंटरनेटवर टाकली होती. त्यात आपण आहोत का, एवढंच त्यांना गुपचूप बघायचं होतं.

"बाबा, आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव," सून म्हणाली. "आणि ऱ्हस्वदीर्घ सांभाळा. हे यंत्र तुमच्यासारखंच आहे, वेलांटी चुकली की ओळख दाखवत नाही."

'एकही नोंद सापडली नाही.'

"बरोबरच आहे," मास्तर पुटपुटले. "घेण्यासारखा नसेलच तो."

सुनेने नावाची चौकट पुसली आणि विषयाच्या चौकटीत 'शिलालेख' लिहिलं, खाली 'पूल'. लेख आला. शीर्षक तेच, पानं तीच. लेखकाच्या जागी 'कै.' आणि पुढे मास्तरांचं अख्खं नाव.

सुनेला हसू फुटलं. कधी आवाज न चढवणाऱ्या मास्तरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे मला शोधायचं तर आधी मारायचं? हा काय चावटपणा आहे!"

त्यांनी थेट सूची करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"छापलंय तसंच घेतो आम्ही, सर," बाई शांतपणे म्हणाल्या.

"तेव्हा मी तिशीचाही नव्हतो, बाई! मेलेला माणूस प्रुफं तपासतो का?" मास्तरांनी कपाटातून अंक काढून उघडला. नाव स्वच्छ होतं, आधी काही नाही. "माझ्यासमोर अंक आहे. माझ्या नावावरचं ते अक्षर उतरवा. आजच्या आज!"

"उतरवते, सर. पण एकदा उतरवलं की ते..."

मास्तरांनी फोन आपटला.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली. नुसतं नाव टाकलं तरी लेख येऊ लागला. मास्तरांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाला हाक मारून खाली बोलावलं. लेखातले फोटो त्याचेच होते. छातीभर पाण्यात उभं राहून, कॅमेरा डोक्यावर धरून काढलेले.

"वा दादा, मेलेला उठवलास की!" म्हणत तो पडद्यावर वाकला आणि थबकला.

लेखकाच्या खालची ओळ होती, 'छायाचित्रे'. तिथे कै. होतं, आणि पुढे भावाचं नाव.

"घ्या! स्वतःचं उतरवून माझ्या गळ्यात घातलंस." तो खदखदून हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. ठसका थांबेना. सून पाणी देऊन त्याला वर घेऊन गेली.

"गाढव आहेत सगळे!" मास्तर एकटेच ओरडले. पुरावा हवा म्हणून त्यांनी पुन्हा अंक उघडला.

छायाचित्रे: कै.

अक्षराची शाई बाकीच्या शाईइतकीच विटलेली होती. कसरीने पाडलेलं एक जुनं भोक त्याच्या मात्रेतून आरपार पुढच्या पानांत गेलं होतं.

सकाळी भाऊ अंथरुणातून उठला नाही. "छाती तर साफ आहे," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा नळी लावून ऐकत राहिले.

मास्तरांनी फोन फिरवला, भीतीने कमी, रागाने जास्त.

"ते अक्षर होतं तिथे ठेवा."

"छापलंय तसंच..."

"छापलेलं मला सांगू नका! त्याने काय केलंय तुमचं? लेख माझा आहे. माझ्या नावावर ठेवा!"

"लेखकाचीच विनंती समजू ना, सर?"

"हो."

"नक्की?"

साधा 'आणि' लिहितानाही मास्तर कोश उघडून बघत. आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला त्यांनी हे उत्तर दिलं नव्हतं.

"नक्की."

वरचा खोकला थांबला.

दुपारी भाऊ आपल्या पायांनी जिना उतरून खाली आला. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर अंक. आता छाती पुढे काढून येईल आणि काहीतरी टोमणा मारेल, म्हणून ते वाट पाहत राहिले.

भाऊ सरळ सुनेकडे गेला.

"तो लेख कसा काढायचा गं? छापून हवाय."

"सोपं आहे, काका. आधी कै. लिहायचं. मग आडनाव. नुसतं नाव टाकलं तर सापडत नाहीत ते."

'एक नोंद सापडली.'

मास्तर खाकरले. पुन्हा खाकरले.

भावाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला बराच वेळ पुसला.

"हे कै. बघून," तो म्हणाला, "दादा किती चिडला असता."