बारशाचे वाडगे

नातवाचं बारसं उरकलं, पाहुणे पांगले आणि गल्लीत घुगऱ्या वाटायला अक्काताई स्वतःच निघाली. इतरांच्या घरून घुगऱ्या येतात त्या स्टीलच्या वाटीतून, आणि वाटी सांजेच्या आत मागं जाते. अक्काताईच्या घुगऱ्या लाकडी वाडग्यातून गेल्या आणि वाडगा त्या घराला भेट म्हणून ठेवला. "आमच्या आदर्शनं केलंय," हे सांगितल्याशिवाय तिनं एकही उंबरा सोडला नाही.

आदर्श तिचा मुलगा. बेळगावात एका कारखान्यात तो लेथवर लोखंड कातायचं काम करतो, आणि सुट्टीच्या दिवशी तिथंच शहापुरातल्या भाड्याच्या खोलीमागं, पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कातत बसतो. हे वेड त्याला मोबाईलवरून लागलं. मे महिन्यात वळवाच्या वादळानं गावच्या पाणंदीवरचा वड मुळासकट उपटून टाकला. गावानं फांद्या चुलीला नेल्या, आदर्शनं टेंपोत घालून बुंध्याचे ठोकळे नेले. वडाच्या लाकडाला सुतार हात लावत नाहीत, पण कातल्यावर त्यावर अशा काही करड्या रेघा उठल्या की बायका त्यावरून बोट फिरवून बघत होत्या. सगळ्यात मोठा वाडगा त्यानं बहिणीला, म्हणजे बाळाच्या आईला दिला. नीलमनं तो पाळण्याशेजारच्या फळीवर ठेवला.

एकच घर असं निघालं, जिथं वाडगा कुणी घेतला नाही. शेजारच्या मालुबाईनं घुगऱ्या पदरात ओतून घेतल्या आणि वाडगा मागं दिला. का, ते सांगितलं नाही. अक्काताईला ते लागलं. म्हातारीला आपलं चांगलं बघवत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

आता त्या वडाचं थोडं सांगायला हवं. आमच्या भागात म्हैस व्याली की रेडकामागून पडते ती वार कुणी उकिरड्यात टाकत नाही. गवतात गुंडाळून, पोत्यात बांधून वडाला टांगतात. वड हे चिकाचं झाड. त्याला चीक आहे तोवर म्हशीला दूध आहे, अशी समजूत. पाणंदीच्या वडाला आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची पोती लोंबत होती, आणि उन्हाळ्यात तिथून जाताना नाकाला पदर लावावा लागे. माणसाची वार मात्र झाडाला बांधत नाहीत. ती परसात खड्डा घेऊन पुरतात, वर दगड ठेवतात.

बारशानंतर चौथ्या दिवशी नीलमचं दूध गेलं.

कमी झालं नाही, गेलं. सांजेला होतं, सकाळी नव्हतं. बाळ आठव्या महिन्यात आलेलं. निपाणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवून ठेवून कसंबसं दोन किलोवर आणलं होतं, आणि वजन घसरता कामा नये असं बजावूनच डॉक्टरांनी घरी सोडलं होतं. पावडरचं दूध पाजलं की ते घोटाघोटानं बाहेर काढायचं. गावातली आशा सेविका मंगल झोळीचा काटा घेऊन एक दिवसाआड यायची, बाळाला तोलायची आणि कुणाकडं न बघता वहीत लिहायची. सोमवारपर्यंत असंच राहिलं तर बेळगावला न्यावं लागेल आणि तिथं पोहोचेपर्यंत काय होईल ते आपण सांगू शकत नाही, असं तिनं शेवटी नीलमच्या माघारी अक्काताईला सांगितलं.

मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. शतावरी झाली, अळिवाची खीर झाली. नीलम भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आणि मालुबाई रोज दुपारी यायची. पाळण्यापाशी बसायची, बोलायची नाही, बाळापेक्षा त्या फळीवरच्या वाडग्याकडंच जास्त बघायची.

वाडग्याचंही काही ठीक नव्हतं. दिवसातून दोनदा पुसून ठेवला तरी त्याच्या तळाशी ओल यायची, पांढरट, बोटभर. वास यायचा तो नुकत्या व्यालेल्या म्हशीच्या गोठ्यात येतो तसा, कोमट आणि गोडसर. आदर्शला फोन केला तर तो म्हणाला, लाकूड ओलं आहे, त्याला घाम येतो, महिन्याभरात वाळेल. अक्काताईला ते पटलं नाही. तिनं इतर घरी जाऊन वाडगे बघितले. एकीनं त्यात मीठ ठेवलं होतं, दुसरीनं सुकी चटणी. मीठसुद्धा ओलावलं नव्हतं. म्हणजे लाकडाचा दोष नाही, कुणीतरी येऊन यातच काहीतरी ओततंय. घरात रोज येणारं माणूस एकच होतं. संशयाला एकदा वाट मिळाली की तो पुढचं दार स्वतःच शोधतो.

रविवारी दुपारी तिनं वाडगा फडक्यानं कोरडा केला, चुलीच्या धगीवर धरला, फळीवर ठेवला आणि माजघराच्या दाराआड उभी राहिली. बाहेर ऊन रखरखत होतं. नीलमला डोळा लागला होता. बाळ रडून रडून थकून नुसतं कण्हत होतं.

मालुबाई आली. पाळण्यापाशी बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि तिथून ते हललेच नाहीत.

बाळाचं कण्हणं थांबलं. घरात आवाज असा उरला नाही... आणि मग एक आवाज सुरू झाला. चुटुक... चुटुक... रेडकू आचळाला लागतं तेव्हा होतो, तो. अक्काताईचा जीव आधी भांड्यात पडला, की लेकरू पितंय. तिनं मान काढून बघितलं. बाळाचं तोंड मिटलेलं होतं. आवाज फळीवरून येत होता. झोपेत नीलमनं कळ आल्यासारखं छातीशी हात दाबून धरला, आणि मघाशी धगीवर वाळवलेल्या वाडग्याच्या काठावरून एक पांढरा थेंब सावकाश फळीवर ओघळला.

अक्काताई बाहेर आली. फळीकडं बघायचं धाडस नव्हतं म्हणून तिनं मालुबाईचंच मनगट धरलं.

"काय केलंस माझ्या लेकीला?"

"हात सोड." मालुबाईचा आवाज कुजबुजण्याएवढाच होता. "तुझी नीलम झाली त्या दिवशी पोत्याचं एक टोक तुझ्या सासूनं धरलं हुतं, दुसरं मी. इसरलीस व्हय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. अक्काताई काहीही विसरली नव्हती. तिचं पहिलं पोर दुधावाचून गेलं होतं. दुसऱ्या खेपेलाही अंगावर दूध येईना, तेव्हा सासूनं नीलमची वार परसात पुरू दिली नाही. पोत्यात बांधली आणि पाणंदीच्या वडाला टांगली, म्हशीची टांगतात तशी. तिसऱ्या दिवशी अक्काताईला इतकं दूध आलं की चोळी भिजून पदराला लागायचं. लेक जगली. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

"लेकरू जगावं म्हणूनच केलं ना..." अक्काताई म्हणाली.

"जगलं की. पर वडानं दिल्यालं त्यो इसरत न्हाय. उभा हुता तवर गप हुता. आता तुम्ही त्येला पाळण्यापाशी आणून ठेवलंय." मालुबाई उठली. "त्येचं त्येला देऊन ये. आन् काय मागशील ते इचार करून माग."

अक्काताईनं वाडगा पदरात गुंडाळला. जाताना तो तिच्या पोटाला कोमट लागत होता. वड उपटला होता तिथं बैलगाडी बसेल एवढा खड्डा पडला होता आणि तुटकी मुळं त्यात लोंबत होती. उन्हं अजून वर होती. खड्ड्यात वाकून तिनं वाडगा ठेवला. विचार करून मागायचं होतं. पण ज्या बाईनं एक लेकरू उपाशी जाताना बघितलंय तिला कसला विचार सुचणार? तिच्या तोंडून भडाभडा निघालं, "माझ्या नातवाचं पोट भरू दे... दुसरं काय नगं. कसं भरायचं ते तुझं तू बघ."

त्या रात्री बाळ रडलं नाही. सोमवारी गाडी सांगून ठेवली होती ती मंगलनं स्वतः परत पाठवली, कारण बाळाच्या गालांवर लाली होती. बुधवारी काट्यावर घातलं तर पाव किलो वाढलेलं. मंगलनं दोनदा तोललं आणि पहिल्यांदा हसली. नीलमला दूध चांगलं उतरलंय, आता सोडू नका, असं म्हणत तिनं वही मिटली.

ती गेल्यावर नीलम दारात येऊन उभी राहिली. "आई, मला कुठं आलंय दूध?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तूच काहीतरी पाजतीयास..."

अक्काताईनं बाळाला मांडीवर घेतलं. पोट टम्म होतं, आणि ओठाच्या कडेला पांढरं काहीतरी सुकलं होतं. तिनं पदर भिजवून पुसलं. गेलं नाही. कोमट पाण्यानं चोळलं, तर ते बोटाला चिकटून त्याची तार निघाली. तिनं उठून बोटाला खोबरेल लावलं, जसं फणस कापल्यावर चीक सुटावा म्हणून हाताला लावतो तसं, आणि ते लगेच सुटलं.

नीलमनं त्याला ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. बाळानं तिच्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. मान पाणंदीकडच्या उघड्या दाराकडं फिरवली, ओठांचा चंबू केला आणि वाट बघत राहिलं.