पाच वाजताचा हात

पटलं नाही तर हसून सोडून द्या. पण जेबाच्या तोंडून जसं ऐकलं तसंच लिहिते आहे, पदरचं काही घातलेलं नाही. जेबा माझी कॉलेजातली मैत्रीण. होस्टेलवर भुतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारी तीच.

साल २००७. मे महिना. अमरावती.

आणि वेळ रात्रीची नाही... चांगली लख्ख उन्हाची.

त्या वर्षांत शेतीतून काही निघेना. गावाकडची तरणी माणसं शहरात येऊन हातगाडीला नाहीतर दुकानाला लागलेली. दिवसभर घराला कुलूप. मग म्हाताऱ्यांना ठेवायचं कुठं? एका संस्थेनं दोन खोल्यांत विरंगुळा केंद्र काढलं. सकाळी दहाला आणून सोडायचं, पाचला न्यायचं. जेबा तिथं कामाला होती. व्यायाम, गाणी, खेळ, औषधं, रुसवेफुगवे... सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात.

रोज डोकं फिरायचं तिचं.

रिंगा फेकायचा खेळ आणला, तर भगवंत आजोबा म्हणाले, "म्याडम, आमी काय सर्कशीतले अस्वलं हावो का?"

अख्खी खोली हसली. रिंगा तशाच पडून राहिल्या. वरून संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन, "फोटोत सगळे आनंदी दिसू द्या."

जमली होती ती एकच गोष्ट. गंगूबाईंचे हार.

गंगूबाई सत्तरीच्या. मुलगा सागर बाजारात फुलं विकायचा. उरलेला झेंडू तो सकाळी आईसोबत पाठवायचा. त्या सुई-दोरा घेऊन बसल्या की बाकीचे आपोआप भोवती सरकायचे. ज्यांना खेळ नको, गाणं नको, तेही. कधीकधी जेबाची चार वर्षांची फलकसुद्धा.

"अवं पोरी, पाकळीतून नाही, देठातून घाल सुई. फुलाले दुखते ना!"

चार वाजले की गंगूबाई आपली प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ओढत दारापाशी न्यायच्या.

घर्रर्र...

"पोरगं येईन आता."

पोरगं कधीच वेळेवर यायचं नाही. फुलांचं गिऱ्हाईक संध्याकाळचंच. सहा वाजायचे, साडेसहा वाजायचे. जेबा दारात उभी राहून चरफडायची.

निघून जाता यायचं नाही. केंद्राचा नियमच तसा होता. म्हाताऱ्या माणसाचा हात घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. हातात हात. मगच सोडायचं.

त्या दिवशी फलक घरी तापानं फणफणली होती. चारच्या सुमारास सासूचा, जैनबबीचा फोन आला.

"जल्दी आ. बच्ची आँख नहीं खोल रही."

पाचपर्यंत सगळे गेले. गंगूबाई उरल्या. सागरचा फोन लागेना.

"तुमच्या पोराला वेळेचं काही आहे की नाही?" जेबा ओरडलीच.

गंगूबाईंनी मान खाली घातली. "तू जाय माय. लेकरू पाह्य. मी बसतो इथंच."

बाहेर उस्मानचाचाचा ऑटो उभा होता. भला माणूस, गंगूबाईंच्याच वस्तीतला. जेबानं त्यांना ऑटोत बसवलं आणि त्यांचा हात उस्मानचाचाच्या हातात दिला.

पण गंगूबाई जेबाचा हात सोडेनात.

"हा घरचा नाही ना वं..."

जेबानं त्यांची बोटं सोडवली. एकेक करून.

उस्मानचाचानं त्यांना घराच्या दारापर्यंत नेलं. दाराला कुलूप. "जा बाबा तू, सून येते आता कामावरून," असं म्हणून गंगूबाई पायरीवर बसल्या.

उन्हानं भाजलेली पायरी.

सहा वाजता सागर केंद्रावर आला. तिथंही कुलूप. नियम त्यालाही माहीत होता. म्हणून तर आई घरी असेल हे त्याच्या मनातच आलं नाही. तो दवाखाने पाहत फिरला. बसस्टँड पाहिलं. बाजार पाहिला.

साडेसातला घरी पोचला.

गंगूबाई पायरीवरच होत्या. भिंतीला टेकून. डोळे मिटलेले...

एक हात पुढे केलेला.

फलकचा ताप त्याच रात्री उतरला.

जेबाला कुणी काही बोललं नाही. सागरही नाही. तेच तिला सोसेना. कुणीतरी शिव्या द्याव्या म्हणून ती सेक्रेटरींकडे गेली. ते म्हणाले, "वय झालं होतं. विषय वाढवू नका."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजता, लोडशेडिंग झालं. पंखे थांबले. खोली चिडीचूप.

आणि...

घर्रर्र...

जेबानं वळून पाहिलं. खुर्ची दारापाशी होती.

रिकामी.

"कुणी नेली?"

भगवंत आजोबांनी मानही वर केली नाही. "कोण कायले नेईन? बसू द्या तिले."

"कुणाला? आजोबा, कुणाला?"



पाचला तिनं एकेकाला सोडलं. शेवटचा हात घरच्यांच्या हातात गेला. ती कुलूप घ्यायला वळली...

आणि मोकळ्या उजव्या हातात कुणाचा तरी हात आला.

कोरडा. सुरकुतलेला. सुया टोचून खरखरीत झालेली बोटं. आणि उन्हातल्या फरशीसारखा गरम.

समोर कुणीच नव्हतं.

मग रोजचंच झालं. पाचला तो हात यायचा, साडेसातला जायचा. जैनबबीनं दंडाला तावीज बांधला. फरक नाही. एक दिवस जेबाचा तोल गेला. रिकाम्या खोलीत ती किंचाळली, "काय पाहिजे तुम्हाला? लेकरू आजारी होतं माझं!"

पकड सैल झाली नाही. घट्टही झाली नाही. वाट पाहणाऱ्या माणसाची असते, तशीच राहिली.

शेवटी तिनं सागरला बोलावलं. सगळं सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी ठीक पाचला आला. पहिल्यांदाच, वेळेवर.

जेबानं तो हात उचलला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

सागरनं मूठ मिटली.

"म्याडम... मले काहीच लागून नाही राहिलं हाताले." आणि तिथंच, उंबऱ्यावर, हमसून रडला.

पण जेबाचा हात हलका झाला होता. खरंच. घरी जाताना ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. घरी पोचताच फलकला घेऊन बिस्किटं आणायला निघाली. फलक नेहमी तिच्या उजव्या हाताला धरून चालायची.

त्या संध्याकाळी ती वळसा घालून डावीकडे आली.

"इधर आ ना," जेबा म्हणाली.

"उधर जगह नहीं है, अम्मी."

जेबानं उजवीकडे पाहिलं. हाताला काहीच जाणवत नव्हतं...

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा ती हे सांगायला माझ्या घरी आली होती. सांगताना तिचा उजवा हात मांडीवर उघडाच होता. एकदाही मिटला नाही तिनं.

फलक तिच्या डावीकडे बसली होती. माझा लेक खेळत खेळत उजवीकडच्या मोकळ्या जागेत बसायला निघाला...

मी त्याला ओढून माझ्याकडे घेतलं.