सात नंबरचा पोर्ट

हिंगणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रूपालीचं काम म्हणाल तर साधंच. लोखंडी कपाटातल्या यंत्राला अठ्ठेचाळीस पोर्ट, म्हणजे अठ्ठेचाळीस घरांच्या इंटरनेटच्या जोडण्या. कुणाला किती स्पीड द्यायचा ते ट्रॅफिक प्रोफाइलमध्ये भरायचं, आणि यंत्राने कशाकशाला बोंब मारायची ते अलार्म प्रोफाइलमध्ये. घरातली वीज गेली, की तिथला मोडेम विझता विझता निरोप पाठवतो. आधी 'दाब उतरतोय', मग 'शेवटचा श्वास'. नाव यंत्र बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं. हिंगणीत वीज दिवसातून चारदा जाते, त्यामुळे रूपालीला या श्वासांचं काही वाटेनासं झालं होतं.

तिचा जीव घरी अडकलेला. गल्लीच्या टोकाला तिचे बाबा, रामाजी, अंथरुणाला खिळले होते. जन्मभर लाइनमनची नोकरी केली, खांबावर सरसर चढले, आणि छातीने दगा दिला. डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज सकाळी चष्म्यावर 'हाः' करून वाफ धरायची, काच पुसायची आणि पेपर वाचायचा हा त्यांचा नेम; पण महिनाभर तेवढाही श्वास निघत नव्हता, चष्मा रूपालीच पुसून द्यायची. आई कधीच गेलेली. बाबांशिवाय तिला होतं तरी कोण?

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी एकोणीस नंबरच्या पोर्टवर 'दाब उतरतोय' आलं. दुपारी दोनला 'शेवटचा श्वास'. तिने उठून कपाट उघडलं. एकोणीसला तारच नव्हती! नत्थूजींच्या किराणा दुकानाचं कनेक्शन गेल्या वर्षी तिनेच काढलं होतं.

"मशीनबी म्हातारी झाली," ती पुटपुटली.

तेवढ्यात समोरच्या ग्रामपंचायतीतली अंजू दारात आली.

"ताई, नत्थूजी गेले नं! आत्ताच, दोन वाजता. चांगले जेवून बसले होते."

गुरुवारी एकतीस नंबर. तिथेही तार नाही. सकाळी दाब उतरला, साडेतीनला शेवटचा श्वास, आणि साडेतीनलाच शिवणकाम करणारी सुंदराबाई गेली. तिच्या घरचं कनेक्शन दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं. रूपालीने यंत्राचं कार्ड बदललं, बंद करून पुन्हा चालू केलं. योगायोग, दुसरं काय? माणसं काय, मरतच असतात.

शनिवारी सकाळी आठला सात नंबर.

सात नंबर तिच्याच घरचा. मोबाइल आल्यावर ती तार बाबांनी स्वतःच्या हाताने काढली होती, धडधाकट होते तेव्हा.

'दाब उतरतोय.'

तिने घरी फोन लावला. बाबांजवळ बसलेल्या शेजारच्या इलाकाकूंनी उचलला.

"धाप लय वाढली वं. लवकर ये."

घरी जाऊन ती करणार काय होती? डॉक्टरांनाच जमलं नव्हतं. मग तिने तिला येत होतं ते केलं. नवं अलार्म प्रोफाइल बनवलं. 'शेवटचा श्वास'समोरची खूण काढून टाकली, म्हणजे तो निरोप येणारच नाही. प्रोफाइल सात नंबरला लावलं. सेव्ह.

सातवरचा 'दाब उतरतोय' विझला.

ती पळत सुटली.

रामाजी खाटेवर उठून बसले होते. धाप नाही, घरघर नाही. इलाकाकू कोपऱ्यात हात जोडून उभ्या.

"काऊन वं रूपे, रडून काऊन राह्यली? मले काय झालं? चाय मांड."

रूपालीला हसावं की रडावं कळेना. तिने देवापुढे साखर ठेवली, चहा केला. बापलेक अंगणात उन्हाला बसले. कितीतरी दिवसांनी बाबांनी पेपर मागितला.

त्यांनी चष्मा काढला, तोंडाजवळ धरला आणि 'हाः' केलं.

काच तशीच राहिली, वाफ धरलीच नाही.

पुन्हा एकदा 'हाः'. तोंड अगदी काचेला टेकवून.

त्यांची छाती हलतच नव्हती. त्यांनी चष्मा तिच्यापुढे धरला.

"तूच करून दे वं. माह्याच्यानं होऊन नाई राह्यलं."