सहाव्या होलचा खड्डा

पंप बंद करायचा होता. काम एवढंच.

अठ्ठावीस जानेवारी, मंगळवार. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमचे साडू जेवून हात पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. तुम्ही त्यांना दोन-तीनदा पाहिलंय. उंच, सावळे, बोलायला कमी. समुद्राकाठच्या गोल्फ क्लबात सव्वीस वर्षं मैदानाचे मुकादम होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारली तर उठून जातात. तेव्हा मध्ये फाटे फोडू नका, आणि धाकट्या, तो मोबाईल पालथा ठेव. तोंडावर उजेड पडतोय तुझ्या.

"मामा, गोल्फच्या मैदानावर भूत?" थोरला हसला.

हसून घे. मलाही आधी त्या खेळाचंच हसू यायचं. चालण्याचा खेळ, आणि ही मंडळी बॅटरीच्या गाडीत बसून चेंडूमागे फिरणार. चेंडू झुडपात गेला तर शोधायला दुसरा माणूस. घाम पुसायला टॉवेल, तोही दुसऱ्याच्या खांद्यावर. बरं, चेंडू जाऊन जाऊन जाणार कुठे, तर एवढ्याशा भोकात.

तर त्या क्लबला शंभरावर वर्षं झाली होती. कमिटीच्या डोक्यात आलं की मैदान पहिल्यासारखं करायचं. अगदी जुन्या नकाशाबरहुकूम. त्यासाठी बाहेरून एक तज्ज्ञ आणला. गळ्यात रुमाल, डोक्यावर टोपी, तोंडात सारखा एकच शब्द, 'पूर्ववत'. हे पूर्ववत करा, ते पूर्ववत करा. माळ्यांनी त्याचं नावच पूर्ववत साहेब पाडलं. गवत कुठलं ते याला पायाखाली घेऊन कळायचं नाही, कागदावर मात्र सगळं कळायचं. आणि कमिटी? सेक्रेटरीपासून सगळे माना डोलवायचे. त्यांना तेवढंच नीट जमायचं.

मैदानाच्या टोकाला, समुद्राच्या अगदी कडेला, सहावा होल होता, म्हणजे ते भोक आणि तिथवरचा खेळायचा पट्टा. नुसता नावाला. कित्येक वर्षं तिथे काटेरी झुडपं माजलेली. खेळणारे त्याला वळसा घालून जायचे. आधीच्या मुकादमाने साडूंना कामावर घेतलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. सहाव्याचं गवत कापायचं नाही. का, ते सांगितलं नाही.

पूर्ववत साहेबांना क्लबच्या कपाटात जुनं इतिवृत्त सापडलं. कमिटीपुढे त्यांनी ते मोठ्याने वाचलं. चहा चालू होता, साडू दाराशी उभे होते. सहाव्या होलला म्हणे वाळूचा एक खोल खड्डा होता. चेंडू त्यात पडला की खेळणाऱ्याची फजिती, म्हणून मुद्दाम केलेला. खड्डा आणखी खोल करताना भिंत ढासळली आणि एक मजूर आत गाडला गेला. कमिटीने ठराव केला, की शोधाशोध न करता खड्डा बुजवावा आणि तो होल बंद करावा. खाली एक ओळ होती. सभासदांच्या खेळाचा दोन दिवस खोळंबा झाला, याबद्दल समितीला खेद आहे.

वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "काय रंजक इतिहास आहे बघा. हा खड्डा आपण पूर्ववत करणार."

कुणीतरी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. साडू सांगत होते, एकाचाही हात बशीकडे जायचा थांबला नाही.

खड्डा खणला. दीड पुरुष खोल. भिंतींना गवताचे चौकोनी तुकडे विटांसारखे रचून लावले. तळाला समुद्राचं पाणी झिरपायचं, म्हणून पंप बसवला. आणि तिसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. संध्याकाळी खड्डा साफ करून जावं, तर सकाळी तळाला वीतभर नवी वाळू. काढली, तर दुसऱ्या दिवशी दोन वीत.

सेक्रेटरीने साडूंना बोलावून घेतलं. "तुमची माणसं रात्री येऊन वाळू टाकताहेत. काम लांबवायचंय त्यांना. आणखी एकदा झालं, तर चौदाच्या चौदा जण घरी."

साडू म्हणाले, "साहेब, आमची माणसं दिवसा काम टाळतात. रात्री येऊन फुकट कशाला करतील?"

पण चौदा घरांच्या चुली होत्या. त्यामुळे त्या मंगळवारी पूर्ववत साहेबांचा फोन आला, की पंप बंद करायला जाऊ आणि चोरही पकडू, तेव्हा साडूंनी चपला घातल्या.

दोघे बॅटरीच्या गाडीतून निघाले. साडू चालवत होते, साहेब शेजारी बसून माळ्यांच्या जातकुळीवर व्याख्यान देत होते. या लोकांना शिस्त नाही, या लोकांना वारशाची किंमत नाही. साडू ऐकत होते. चंद्र नव्हता. वारा होता, पण समुद्राचा आवाज येत नव्हता. हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

पोहोचले तर पंप बंदच होता. बटण कुणीतरी खाली केलेलं.

काम झालं होतं. परत फिरायला काही हरकत नव्हती. पण साहेबांना वाळू मोजायची होती. ते शिडीवरून खाली उतरले. पट्टी वाळूत खुपसली. साडू वर कडेला, टॉर्च धरून.

"गुडघाभर आहे," खालून आवाज आला. "सकाळपर्यंत थांबायचीही गरज वाटत नाही तुमच्या लोकांना."

मग जरा वेळाने... "मुकादम, वाळू टाकू नका."

"मी टाकत नाही, साहेब."

"अंगावर पडतेय माझ्या."

साडूंनी टॉर्च फिरवला. समोरच्या कडेवरून वाळू पडत होती. भसकन नाही. फावड्याफावड्याने. एक... थोडं थांबून दुसरं... थोडं थांबून तिसरं. माणूस दमून खोरं मारतो ना, तशी. फावडं नव्हतं. माणूस नव्हता. कडेवर कुणीच नव्हतं.

साहेब शिडीकडे धावले. शिडीच्या दोन पायऱ्या वाळूत गेल्या होत्या. तिसरीवर पाय ठेवला आणि शिडी मोडली.

तेव्हा साहेब रडले. सांगताना साडू थांबले नाहीत, मीही थांबत नाही. रडले आणि म्हणाले, "हात द्या... मुकादम, हात द्या."

साडू कडेला पालथे झाले. टॉर्च बाजूला ठेवला. उजेड समोरच्या भिंतीवर गेला. खाली काळोख. त्यांनी उजवा हात त्यात सोडला.

हात हाताला लागला.

त्यांनी धरला. ओढायला लागले. जड होता. गार होता... आणि ओला.

"मुकादम..."

आवाज समोरून आला.

"मुकादम, मी इकडे आहे."

साडूंनी मान वर केली. टॉर्चच्या उजेडात, समोरच्या भिंतीला चिकटून साहेब उभे होते. मांडीपर्यंत वाळूत. दोन्ही पंजे भिंतीवर टेकलेले.

दोन्ही.

...

काय करायचं होतं त्यांनी? तुम्ही सांगा. तुम्ही सोडला असता. मीही सोडला असता.

साडू म्हणाले, सोडावा असं क्षणभर वाटलं. मग बोटं त्या तळव्यावरून फिरली. घट्टे होते. बोटांच्या मुळाशी, चार. फावड्याचे. तसेच माझ्या हाताला आहेत, म्हणाले. साहेबांचा हात तर लोण्याचा.

तो खाली खेचत नव्हता. वर येऊ बघत होता.

त्यांनी दुसरा हात घातला. ओढलं. वजन आलं... वर आलं... कडेपर्यंत आलं. दिसलं काही नाही. खांद्याला घासून काहीतरी गेलं. ओल्या गोणपाटासारखं. मग हात हलके झाले.

वाळू पडायची थांबली.

आणि समुद्र ऐकू यायला लागला.

साहेबांना पंपाच्या दोराने वर काढलं. एक बूट आतच राहिला. ते गाडीत जाऊन बसले. बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर, "हे कुठे बोलू नका. माझ्या कामावर परिणाम होईल." ज्याने बाहेर काढलं त्याचे साधे आभारही मानले नाहीत.

सकाळी आठला व्हरांड्यात कमिटी जमली. साहेब नवा रुमाल बांधून आले आणि म्हणाले, जमिनीचा पोत योग्य नाही, खड्डा बुजवणंच शास्त्रीय ठरेल. माना डोलल्या.

साडू पायरीवर उभे होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता बोलले. "बुजवण्याआधी पलीकडच्या बाजूला दोन हात खणू द्या. आमची आम्हीच खणतो. तिथे माणूस आहे. त्याला नीट बाहेर काढू."

सेक्रेटरी घड्याळाकडे बघत म्हणाला, "शनिवारी स्पर्धा आहे, मुकादम. पाहुणे येणार. खेळाचा खोळंबा नको."

तेच शब्द. शंभर वर्षांनी, तेच. आणि त्याला ते कळलंही नाही, कारण त्या दिवशी इतिवृत्त वाचताना तो बिस्किट निवडत होता. पूर्ववत म्हणतात ते हेच असावं.

जेसीबी आला, दीड तासात खड्डा सपाट झाला. वरून तयार गवताच्या गुंडाळ्या उलगडल्या. आज तिथे एक पाटी आहे, 'आमचा वारसा', आणि वर पूर्ववत साहेबांचा हसरा फोटो.

साडूंनी तिथून सरळ अवजारांची खोली गाठली. राजीनामा लिहायला कागद हवा होता. लाकडी कपाटात माळ्यांचा हजेरीपट असायचा, त्यातलंच एक पान फाडावं म्हणाले. कपाटाला कुलूप. किल्ली त्यांच्याच करगोट्याला, दुसरी नव्हतीच. आदल्या संध्याकाळी साडेपाचला, सगळ्यांच्या सह्या घेऊन त्यांनी स्वतः ते लावलं होतं.

उघडलं. हजेरीपट काढला. मंगळवारचं पान.

चौदा माणसं. चौदा सह्या.

खाली पंधरावी ओळ. नावाची जागा कोरी. येण्याची वेळ, कोरी. 'सुटण्याची वेळ' लिहिलेल्या रकान्यात एक अंगठा उठला होता.

शाईचा नाही. वाळूचा.

साडूंनी बोट लावून पाहिलं. सकाळचे साडेदहा वाजून गेले होते...

तो अजून ओला होता.