नऊशेवं चित्र

नऊ जानेवारी, गुरुवार. दिवसभर वारा होता. दिवेलागणीला तो पडला आणि मागे कोरडी थंडी ठेवून गेला. मामांना तारीख पाठ आहे, कारण ज्याची ही गोष्ट तो दोघा भावांतला धाकटा त्यांच्याच हाताखाली वायरिंग शिकलेला.

गोष्ट सांगितली त्या रात्री जेवणं आटोपली होती. भाच्यांनी जुना कॉम्प्युटर टेबलावर उघडून ठेवला होता आणि प्रोसेसर ताणायच्या, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायच्या, गप्पा रंगल्या होत्या. मामा म्हणाले, "ताणा की. पण आधी ऐका. आणि तो मोठा दिवा राहू दे चालू."

"मामा, भुताची आहे का?" थोरल्या भाच्याने डोळा मारला.

"मला काय ठाऊक? मी आपलं घडलं ते सांगतो."

त्या संध्याकाळी धाकटा घाईने बाजारात गेला तो एक पंखा आणि प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावायच्या पेस्टची नळी आणायला. दोघा भावांचं ऑफिस होतं, तळमजल्यावर. मागच्या दोन खोल्यांत थोरल्याचा संसार. धंदा असा, की जी इमारत अजून बांधलेली नाही तिची फिल्म करून द्यायची. दारातून आत शिरा, जिना चढा, खोल्या बघा. अशा फिल्मची शेकडो चित्रं असतात. ऑफिसातलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, ती रात्रभर एकेक करून रंगवत बसतं, मग ती एकामागून एक पळवायची. या फिल्मची नऊशे होती.

थोरल्याने हयातीत धाकट्याला त्या मशीनपाशी फिरकू दिलं नव्हतं. "तुझ्या हाती दिलं तर कोळसा करशील," असं चारचौघांत म्हणायचा. ऑक्टोबरात तो गेला, काम चालू असताना, बसल्या जागी. धाकट्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. महिना उलटायच्या आत त्याने थोरल्याची खुर्ची भंगारात दिली आणि त्या जागी स्वतःची आणून ठेवली.

वहिनींनी ते पाहिलं. बोलल्या नाहीत. बोलल्या त्या गुरुवारी.

"भावजी, बिल्डरचा फोन आला होता. उद्या दहाला फिल्म हवी म्हणतोय."

"मिळेल."

"नाही मिळाली तर किल्ली टेबलावर ठेवून जा. माझा भाऊ बसेल सोमवारपासून."

"दोन वर्षं घासतोय मी इथे, वहिनी."

"घासली त्यांनी. तुम्ही नुसते बसलात." आणि दार लावून घेतलं.

आता मशीन जुनं. आहे त्या वेगाने चित्रं पुरी व्हायला दुपार उजाडली असती. म्हणून धाकट्याने ठरवलं, प्रोसेसर ताणायचा. पण माणूस उतावळा नव्हता हो. सगळ्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. धूळ झाडली, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बदलला. व्होल्टेजला हात लावला नाही. वेग एक पायरी वाढवायचा, मशीनला भरपूर काम देऊन घाम काढायचा, तापमान बघायचं, मगच पुढची पायरी. दुसऱ्या पायरीनंतर तापमान जरा चढलं, तसा तो तिथेच थांबला.

"ऐकताय ना? तिथेच थांबला. तुम्ही थांबला नसता."

चित्रं पळायला लागली. हिशेब मांडला, सकाळी आठला काम पुरं. धाकट्याने पाय पसरले. दोनशेच्या आसपास सहज एक चित्र मोठं करून पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. पुढची सारी फिल्म याच खोलीत फिरत होती. रिकामी. नव्या घराची खोली रिकामीच दाखवतात. पण खिडकीशी एक काळा ठिपका होता.

तो हसला. प्रोसेसर ताणला की कधी कधी आकडेमोड चुकते, चित्रात डाग पडतात. नवल काही नाही. त्याने वेग एक पायरी उतरवला आणि ती चित्रं पुन्हा रंगवायला लावली.

ठिपका होताच. मोठा झाला होता.

मग त्याने सगळंच मूळपदी नेलं. कंपनीतून आलं तेव्हाचा वेग. एवढ्यावर भागेना म्हणून बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढली, वायर उपसली, पॉवरचं बटण दाबून धरलं. असं केलं की मशीन दिलेल्या सगळ्या सूचना विसरतं. पुन्हा चालू केलं. वेग मूळचाच दाखवत होतं.

चित्रं मात्र आधीपेक्षा भराभर येत होती.

तीनशे. चारशे.

धाकट्याच्या मनात आलं, बंद करावं. मग मनात आलं, या वेगाने तर पहाटेच होईल. एका डागासाठी ऑफिस सोडायचं? डाग काय, सकाळी पुसून टाकू... आणि त्याने चालू ठेवलं. चुकला तो इथे.

पाचशेव्या चित्रात तो डाग नव्हता. खुर्ची होती. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

धाकट्याने मागचं दार वाजवलं. वहिनी शाल गुंडाळून आल्या, कपाळाला आठी.

"या फाइलीत तुम्ही काही घातलंत का?"

"मला कुठे येतं? माझ्यावर काय ढकलता आता?"

"मग हे बघा."

त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"...कॉलर आत दुमडलेली आहे," त्या म्हणाल्या. "रोज मी सरळ करायची."

धाकट्याने चित्र लहान केलं.

"बंद करा, भावजी."

"दहा वाजता—"

"बंद करा म्हणते ना!"

"म्हणजे सोमवारी तुमचा भाऊ."

वहिनींनी शाल ओढून घेतली. मग आत गेल्या. आतून कडी लागली. वरची. मग खालची.

सहाशे. पाठ थोडी वळलेली.

सातशे. कान दिसला.

प्रत्येक चित्रात केसभर जास्त. मशीन घाईत होतं. कुणाला तरी वळायची घाई होती.

धाकट्याने बाण फिरवून 'थांबा'वर दाबलं. थांबेना.

आठशे. गाल. त्या बाजूचा डोळा, मिटलेला...

थंडीत त्याच्या मानेवर गरम वारा आला. पंख्याचा असेल. पंखा समोर होता.

आठशे चाळीस. डोळा मिटलेला नव्हता.

...

धाकट्याने भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा. पंखा थांबला. त्याने मशीनमधून वायरही काढून हातात गुंडाळली, किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडला, चपलांशिवाय. मामांच्या दारात पोचला तेव्हा पहाटेचे तीन वाजत होते. वायर हातात घट्ट धरलेली.

मामा थांबले.

"मग?" धाकटा भाचा कुजबुजला. "फिल्म राहिलीच ना?"

सोमवारी वहिनींचा भाऊ ऑफिसात बसला. मशीनला वायर नव्हती, म्हणून त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. डिस्कवर नऊशेच्या नऊशे चित्रं होती. शेवटचं जतन झाल्याची वेळ होती शुक्रवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. त्यात कोपऱ्यातली खोली रिकामी आहे. नकाशात खोलीचं दार बंद काढलं होतं. चित्रात ते उघडं आहे.