सहज चालले होते

त्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही ती दुकानात शिरली आणि नेहमीसारखं नवल वाटल्याचं सोंग केलं.

"अगंबाई, बाबा! तुम्ही इथे? मी सहज इकडून चालले होते..."

काउंटरमागच्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्यानं चिमटा खाली ठेवला. बाबा त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. "या महिन्यातला हा चौथा योगायोग," तो म्हणाला. "काका, तुमच्या मुलीला फिरायला दुसरा रस्ताच नाही का हो?"

"रस्ता बरा आहे," ती म्हणाली. "दुकानाचं सांगता येत नाही."

"मग आत का येता?"

"सावली असते."

तो मान खाली घालून हसला. म्हणूनच तिला जास्त आवडला.

डॉक्टरनं एक खटपट हाती घेतली होती. कुणाला आपल्यावर पाळत ठेवू न देणारी फोनची एक सिस्टीम होती, पण ती मोजक्या महागड्या फोनांवरच चालायची. ती त्याला साध्या, जुन्या फोनांवर चालवायची होती. "महागडा फोन परवडत नाही म्हणून माणसानं उघड्यावर राहायचं का?" असं तो म्हणे. बाबांचं मॉडेल भलतंच हट्टी निघालं. त्याच मॉडेलचा एक भंगारातला फोन आणून तो त्यावर प्रयोग करत होता. पडदा उजळला, कॅमेरा चालू झाला. माइक मात्र मुका तो मुकाच.

"हा बोलायला लागला की तुमच्या फोनवर चढवू, काका. पण आधीचं सगळं पुसलं जाईल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "तुला काही सांगायचंय का गं, पुसायच्या आधी?"

"मला? छे, काहीच नाही."

डॉक्टर एकदम खाली वाकून कुठलासा स्क्रू शोधू लागला.

वर्षापूर्वी बाबा रस्ता चुकले होते, चार तासांनी घरी आले होते. त्याच आठवड्यात तिनं गुपचूप त्यांच्या फोनमध्ये काहीतरी टाकलं, आणि बाबा तिच्या फोनवरचा एक निळा ठिपका झाले. आधी तिला हायसं वाटलं. मग हळूहळू तिचं फोन करणंच सुटलं. ठिपका दिसतोय ना, म्हणजे बाबा ठीक!

दुसऱ्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत ठिपका दुकानातच होता. रंगल्या असतील गप्पा, म्हणून ती ऑफिसात बसून हसली. बाबा फोन डॉक्टरकडे तपासायला ठेवून केव्हाच घरी परतले होते. खुर्चीत बसले होते, आणि दुपारीच...

दोन महिने तिनं तो रस्ता टाळला. 'फोन घेऊन जा,' असा निरोप दोनदा आला, तेव्हा गेली. या वेळी सोंग करायची गरज नव्हती.

"पुसला नाही," डॉक्टर बाबांचा फोन पुढे सरकवत म्हणाला. "काकांनी बजावलं होतं. तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणाले."

तिचे कान तापले. "म्हणजे बाबांना..."

"मलाच सापडलं ते. काढून टाकतो म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. सांगेल ती आपणहून."

"म्हणजे ते सगळे योगायोग... तुम्हालाही ठाऊक होतं."

"पहिल्यापासून." तो थांबला. "तरी मी पाचव्याची वाट बघत होतो."

तिला मान वर करवेना. त्यानं दुसरा फोन, तो भंगारातला, तिच्यासमोर ठेवला. "परवा हा बोलायला लागला. पहिला आवाज काकांचा घ्यायचा होता. तुम्ही बोला. काहीही. मी बाहेर थांबतो."

"नको." तिनं पटकन त्याची बाही धरली. "तुमच्यासमोरच बोलायला हवं."

तो स्टुलावर बसला. पडद्यावरचा लाल दिवा लागला, सेकंद सरकू लागले.

"बाबा," ती म्हणाली. "मी सहज चालले नव्हते. कधीच नव्हते. तुम्हाला न विचारता मी तुमच्यावर नजर ठेवली. आणि त्या दुपारी ठिपका दिसत होता, म्हणून... म्हणून फोन केला नाही." बाही अजून तिच्या मुठीतच होती. "मला लाज वाटते, बाबा. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, काही सांगायचंय का? हेच होतं. आणि अजून एक. त्या दिवशी मी तुमच्यासाठी आलेच नव्हते."